अंगठ्यावर चालणारी खुर्ची

उल्का,

कामावरून आले की तुमच्या बाहेरच्या खोलीत बसून गेले अकरा दिवस मी एकच वाक्य ऐकतेय. सुटली बिचारी. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, तुझ्या पनवेलच्या आत्या म्हणाल्या, सोसायटीचे सेक्रेटरी तर चपलाही न काढता दारातूनच म्हणून गेले. काकू, तुझी आई असूनही, प्रत्येकाला मान हलवून हो म्हणतात. मला दर वेळी वाटतं, उठावं आणि सांगावं की तिला सुटायचं नव्हतं. तिला शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलींचं भिंगाचं प्रकरण संपवायचं होतं. तिला अजून चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढायच्या होत्या. मग मी खरंच उठते, चहाचे कप गोळा करते आणि मोरीत नेऊन ठेवते.

त्यांच्यावरचा राग जाईल. तुझ्यावरचा जाईल असं वाटत नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आई म्हणते. पण तुझ्याशी जन्मभर भांडले मी, आता तू नाहीस म्हणून गोड बोलू का?

आपण तळमजल्यावर समोरासमोरच्या, एका बाकावरच्या. सातवीत तू शाळेच्या जिन्यात पडायला लागलीस, नववीत चाकाची खुर्ची आली. स्नायूंचा आजार आहे, एवढंच डॉक्टर बोलायचे, पुढचं काकांकडे बघून न बोलताच सांगायचे. विसाव्या वर्षापर्यंत मानेखाली तुझ्या ताब्यात उरला तो उजवा अंगठा. बाकी हात जिथे ठेवला तिथे राहायचा. तोंड मात्र शाबूत होतं, आणि डोकं. बारावीला फिजिक्समध्ये तू आम्हा सगळ्यांच्या पुढे होतीस. तरी लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, खुर्ची कोण चढवणार, म्हणून कॉलेजने तुला पुढे घेतलं नाही. मी आयटीआय केलं आणि मानपाड्याच्या एमआयडीसीत स्टॅबिलायझरच्या कारखान्यात लागले. दिवसभर सोल्डरिंग. तू घरी शिकवण्या घेऊ लागलीस आणि मी आणलेली इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचू लागलीस. पानं काकू उलटायच्या. तुझा वाचायचा वेग त्यांना पाठ झालेला.

कल्पना तुझी होती. हे मी आता लिहून ठेवते, कारण पूर्वी ठेवलं नाही. एका शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, तू मला मासिकातलं एक चित्र दाखवलंस. रेडिओचा आवाज कमीजास्त करतो तसली दोन व्हॉल्यूम कंट्रोलं एकमेकांना काटकोनात बसवलेली, आणि दोन्ही एकाच छोट्या दांडीने फिरणारी. दांडी पुढे-मागे केली की एक फिरतं, डावी-उजवी केली की दुसरं. सोडून दिली की स्प्रिंगने मध्ये येते. मी म्हटलं, हे तर व्हिडिओ गेमचं आहे. तू म्हणालीस, दांडी मध्ये असली की अर्धा व्होल्टेज, अर्ध्याच्या वर गेलं की मोटर पुढे, खाली आलं की मागे. मला अर्ध्याच्या जरासं इकडे-तिकडे जाता आलं पाहिजे, एवढं माझा अंगठा करेल.

तसली दांडी कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. खेळण्यातल्या विमानाचा परदेशी रिमोट, अर्धा जळलेला, पण अंगठ्याने हलवायच्या दोन दांड्यांपैकी एक धड. मी तो तुझ्या मांडीवर ठेवला, तुझा अंगठा उचलून दांडीवर टेकवला. तू जोर लावलास. दांडी हलली नाही. स्प्रिंग कडक होती. तू म्हणालीस, स्प्रिंग बदल. मी म्हटलं, नाजूक स्प्रिंग लावली तर दांडी नीट मध्ये येणार नाही. तू म्हणालीस, ते नंतर बघू. आपलं सगळं भांडण त्या ‘नंतर बघू’मध्ये होतं, तेव्हा दोघींनाही कळलं नाही.

वर्ष गेलं. मोटारगाडीच्या वायपरच्या दोन मोटरी, जुनी बॅटरी, सायकलच्या चेन. लोखंडी काम काकांनी केलं. ते ठाकुर्लीला फिटर होते, ड्युटीवरून आले की शर्ट न बदलता कानस घेऊन बसायचे. सर्किट तू सांगायचीस, मी जोडायचे. जळलं की तू आधी माझं सोल्डरिंग तपासायला लावायचीस, आणि दहातल्या आठ वेळा चूक तिथेच सापडायची. मला याचा फार राग यायचा.

पहिल्यांदा खुर्ची कंपाउंडमध्ये उतरवली तो दिवस मी विसरत नाही. काकांनी दोन पायऱ्यांवर फळी टाकली होती. दुपार होती, मुलं शाळेत. तू अंगठा हलवलास आणि खुर्ची पाण्याच्या टाकीकडे निघाली. काका मागोमाग निघाले तर तू न वळता म्हणालीस, “मागे येऊ नका.”

काका हात पुढे केलेले तसेच थांबले. तू टाकीला वळसा घातलास आणि बिल्डिंगच्या मागे दिसेनाशी झालीस. आम्ही तिघं इकडे उभे. काकू पदर तोंडात धरून. दहा मिनिटं. मग तू दुसऱ्या बाजूने आलीस. मी विचारलं, काय केलंस एवढा वेळ.

“काही नाही. एकटी होते,” तू म्हणालीस.

ठाण्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं आठवतं? परीक्षक आले, खुर्चीभोवती फिरले आणि तुझ्या डोक्यावरून मला विचारलं, पेशंटला जमतं का हे. मी म्हटलं, सर्किट तिचं आहे, तिलाच विचारा. ते हसले. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. बक्षीस माझ्या नावावर, आणि पेपरात बातमी आली, अपंग मैत्रिणीला अनोखी भेट. मी तिथल्या तिथे संपादकांना पत्र लिहायला बसलेले. तू लिहू दिलं नाहीस. म्हणालीस, कात्रण जपून ठेव, लग्न ठरवताना उपयोगी पडेल. मी तुझं ऐकलं. आज ते कात्रण तुमच्या टेबलावर, तुझ्या फोटोशेजारी कुणीतरी आणून ठेवलंय. येणारा जाणारा वाचतो आणि माझ्याकडे कौतुकाने बघतो. मला ते फाडून टाकायचंय. तेव्हाच भांडून पत्र पाठवायला हवं होतं. तुझ्या नावाची बातमी तुझ्या हयातीत यायला हवी होती, आणि ती आली नाही यात तुझाही वाटा आहे.

मग तो ‘नंतर’ आला. नाजूक स्प्रिंगमुळे दांडी कधी बरोबर मध्ये यायची नाही, आणि कुणी हात न लावता खुर्ची बोटभर सरकायची. यावर उपाय सोपा होता. मधल्या थोड्या जागेत दांडी कितीही हलली तरी सर्किटने लक्ष द्यायचं नाही. त्याला डेड बँड म्हणतात. तू म्हणालीस, जिवंत माणसाच्या खुर्चीत डेड काही नको. हसण्यावारी नेलंस, पण खरं कारण मला माहीत होतं. तुझा अंगठा हलायचाच जेमतेम. त्यातला निम्मा त्या मधल्या जागेत वाया गेला तर तुझ्याकडे काय उरणार? आपण अगदी बारीक डेड बँड ठेवला. सर्किटच्या पेटीत हा बँड कमीजास्त करणारा एक प्रीसेट होता, स्क्रूने फिरवायचा, त्यावर तू मला पेन्सिलने खूण करायला लावलीस.

सहा महिन्यांनी दांडीत धूळ गेली. गेटजवळच्या उतारावर खुर्चीने एकदम उसळी घेतली आणि पुढची चाकं गटारात. तू हात पुढे करू शकत नव्हतीस. हनुवटीवर पडलीस. तीन टाके. डॉक्टरांकडे जाईपर्यंत तुझी हनुवटी मी माझ्या ओढणीत धरून बसले होते. रक्त थांबत नव्हतं आणि तू मला सांगत होतीस की दांडीच्या आतला कार्बन ट्रॅक स्पिरिटने पूस, पेट्रोलने नको.

मी तो स्पिरिटनेच पुसला. आणि पेटी बंद करण्यापूर्वी प्रीसेट खुणेच्या पुढे फिरवला. बराच पुढे, डेड बँड रुंद होईल असा. तुला न सांगता.

मी घाबरलेले, उल्का. हे मी तुला कधी म्हटलं नाही. नंतर पकडले गेले तेव्हा सुरक्षेचं कारण सांगितलं.

त्यानंतर दोन दिवस तुझी खुर्ची हलली नाही. तू अंगठा लावायचीस आणि काही व्हायचं नाही. तू कुणाला बोलली नाहीस. जेवली नाहीस, असं काकू म्हणाल्या. तुला वाटलं, अंगठा गेला. शेवटचं होतं तेही गेलं, असं धरून तू दोन दिवस त्या खोलीत बसलीस, आणि मी तेव्हा कारखान्यात मजेत डबा खात होते. तिसऱ्या दिवशी तुझ्यातली शिक्षिका जागी झाली. शिकवणीतल्या एका मुलीला दांडीशेजारी पट्टी धरायला लावलीस आणि तिच्याच बोटाने दांडी ढकलायला सांगितलंस. पूर्वी दोन मिलिमीटरला निघणारी खुर्ची आता सहाला निघते, हे मोजलंस. संध्याकाळी मी आले तेव्हा तू शांत होतीस.

“तू मला विचारलं का नाहीस?” तू म्हणालीस.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. म्हणूनच विचारायचं असतं.”

मी प्रीसेट परत खुणेवर आणला. माफी मागितली नाही. टाके पडले तेव्हा मी होते, तू माझ्या जागी असतीस तर कळलं असतं, असलं काहीबाही बोलले. आठवड्याने आपण पूर्वीसारख्या बोलायला लागलो, पण ती गोष्ट मिटली नाही. मिटवायची मला घाईही नव्हती. आपल्याला वेळ आहे, असं मी धरून चालले.

मधल्या काळात ठाण्यातल्या कोलशेतच्या एका कंपनीतून मला बोलावणं आलं. मोजमापाची यंत्रं बनवणारी कंपनी, टेस्टिंगचं काम, सोल्डरिंगच्या वरची पायरी. मी नाही म्हटलं. सकाळी लवकर निघायचं, दिवेलागणीनंतर परतायचं, शुक्रवारची सुट्टीही जाणार. खुर्ची बघणार कोण? तुला सांगितलं, मलाच आवडली नाही जागा. तुला ते पटलं नव्हतं, हे आता कळतंय.

दिवाळीच्या आधी कंपनीने पुन्हा विचारलं, आणि आईने ते तुमच्याकडे सांगितलंही. त्याच आठवड्यात मी तुझ्याकडे आले तर तू टीव्हीकडे बघत होतीस. आवाज बंद होता.

“खुर्ची बाळारामला देऊन टाक,” तू म्हणालीस.

बाळाराम म्हणजे मानपाडा गावातला, बांधकामाच्या परांचीवरून पडून कंबरेखाली लुळा झालेला. त्याचा भाऊ त्याला टेंपोत घालून तुझी खुर्ची बघायला घेऊन आलेला, तेव्हा तो तासभर नुसता बघत बसला होता. मी म्हटलं, त्याला दुसरी करू, तुझी कशाला.

“मला कंटाळा आलाय. तू कधी पेटीत हात घालशील याचा भरवसा नाही.”

“एकदा चुकले. वर्ष झालं त्याला.”

“मला आठवतं,” तू म्हणालीस.

तुझा हात शालीखाली होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात शाल. मी बघितलं नाही, कारण मला राग आलेला. ज्या खुर्चीपायी मी नोकरी नाकारली, ती तुला नको झाली. दुसऱ्या दिवशी टेंपो आणला, खुर्ची चढवली, मानपाड्याला पोचवली. काका फाटकात उभे होते. मी कोलशेतला हो म्हणून टाकलं. आणि तुझ्या दारासमोर राहून चार महिने तुझ्या घरात पाऊल ठेवलं नाही. दिवाळीचा फराळसुद्धा आईच्या हाती पाठवला.

मग न्यूमोनिया. तुला ठाण्याला हलवल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी पोचले तेव्हा तोंडावर मास्क होता आणि तू नुसतं बघत होतीस. मी तुझ्या अंगठ्याखाली माझं बोट ठेवलं. पूर्वी दांडी बसवताना तुझा जोर असाच मोजायचे. काहीच लागलं नाही. मला वाटलं, तापामुळे. मी म्हटलं, बरी हो, मग बघतेच तुला. हेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. धमकी.

तू गेल्यावर सातव्या दिवशी काकूंनी सांगितलं. पीठ मळता मळता, सहज सांगावं तसं. अंगठा दसऱ्यालाच गेला होता. आम्हाला शपथ घातलेली तिने. शैलाला कळलं तर ती परत कोलशेतला नाही म्हणेल, पुन्हा वर्षभर माझ्यासाठी काहीतरी जोडत बसेल, असं म्हणाली.

हो, बसले असते! कोण होतीस तू ठरवणारी? तुझी मान चालत होती. तीच दांडी हनुवटीखाली आणायची, एक वाकडी पट्टी, वर रबराची वाटी. दोन शुक्रवारांचं काम. तुला हे सुचलं नसेल यावर मी विश्वास ठेवत नाही. तुला माझ्याआधी सुचलं असणार, आणि तू गप्प बसलीस. खुर्ची घालवलीस, स्वतः चार महिने पुन्हा कुणी ढकलेल तिथे बसलीस, आणि मला अशा जागी टोचलंस की मी हमखास निघून जाईन. माझं दुखरं ठिकाण तुला नेमकं माहीत होतं. मी तुला सहा मिलिमीटरने फसवलं. तू मला चार महिने फसवलंस.

आणि नोकरी चांगली आहे, उल्का. हेच सहन होत नाही. मला स्वतःचं टेबल आहे. बिघडलेलं सर्किटचं कार्ड समोर आलं की मी आधी सोल्डरिंग तपासते, मग मधला व्होल्टेज, मग कडेचे. परवा साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात. मी आयटीआयचं नाव सांगितलं. तुझं नाव घेतलं असतं तर तिथेच रडले असते. संध्याकाळी घरी येताना स्वतःला शिव्या देत आले. परीक्षकांनी केलं तेच मी केलं.

काल रविवार होता. मी मानपाड्याला बाळारामकडे गेले. का, ते मला माहीत नव्हतं. कदाचित खुर्ची परत मागायला. तो अंगणात खुर्चीतच बसला होता. दांडीला त्याने सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. त्याने पहिल्यांदा तुझं विचारलं. मी सांगितलं. त्याने दांडीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, मना कोनी सांगितला नय.

थोड्या वेळाने मीच विचारलं, हे रबर कशाला. तो जरा लाजला.

“ताई, बोट लावला का पलते ही. मना जरा जड करून द्या.”

साहजिक होतं. त्याचे हात गवंड्याचे. तुझ्यासाठी केलेली दांडी त्या हाताखाली नुसत्या श्वासाने हलत होती. चार महिने तो रबर बांधून चालवत होता, कारण दुरुस्त करायला मी फिरकलेच नव्हते. मी पेटी उघडली. माझ्या हाताची पेन्सिलची खूण बघितली आणि क्षणभर स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. मग त्याला म्हटलं, तुम्ही चालवून दाखवा, किती जड पाहिजे ते सांगा. मी प्रीसेट थोडा फिरवला. तो विहिरीपर्यंत जाऊन आला, म्हणाला, अजून थोडा. पुन्हा फिरवला. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तो परत यायच्याऐवजी विहिरीच्या पुढे, तळ्याच्या रस्त्याला लागला. मी हाक मारली नाही.

त्याच्या आईने ओट्यावर पाणी आणून ठेवलं. मी घड्याळ बघितलं. विचारायचं, तो सांगेल ते ऐकायचं, स्क्रू फिरवायचा, सगळं मिळून दहा मिनिटं झाली होती. तू दारासमोर राहायचीस, उल्का. मी तुला एकदा विचारलं नाही, तू मला एकदा विचारलं नाहीस, आणि आता लोक मला सांगतात की तू सुटलीस. पाणी न पिता मी तिथेच बसून राहिले आणि रागाने मोठमोठ्याने रडले. त्या म्हातारीला वाटलं असेल, दुःखाने रडतेय.